जमीन पाहण्याची रीत

वसईच्या पट्ट्यातील धर्मग्रामांत अलीकडे एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. कधी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात, कधी लग्नाच्या मांडवात, तर कधी एखाद्याला मातीआड करून परतताना दफनभूमीच्या फाटकाशी. विचारणारा बहुधा चाळिशीच्या आतला असतो, आणि त्याच्या नखांत अजून माती असते. ‘फादर, इथली वाडी देऊन टाकली आणि त्या पैशांत खान्देशात दहा-बारा एकर घेतली, तर काय वाईट?’

या प्रश्नाची पार्श्वभूमी वसईकर वाचकांस सांगण्याची गरज नाही. १९८९ च्या सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचा लढा उभा राहिला, तेव्हा आम्ही सेमिनरीत शिकत होतो. वसई-विरार महानगरपालिका २००९ साली अस्तित्वात आली. त्या वीस वर्षांत आणि नंतरही वाड्यांच्या कुंपणाला इमारतींच्या भिंती येऊन भिडल्या, विहिरींना मचूळपणा आला, पावसाळ्याचे पाणी निचऱ्याची जुनी वाट शोधत अंगणात शिरू लागले. अशा वेळी केळी, पानवेल आणि मोगऱ्यावर वाढलेला मुलगा नकाशावर दुसरी माती शोधू लागला, तर त्याला दोष कसा द्यावा?

खान्देशाचे नाव त्याच्या तोंडी यावे यालाही कारण आहे. आम्ही वसईकर केळीची माणसे; राजेळी आणि सुकेळी आमच्या जिभेवर वाढली. जळगाव जिल्हा तर केळीचे आगरच. ‘जळगाव केळी’ला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. रावेर, यावल आणि मुक्ताईनगर या तालुक्यांतून फिरताना रस्त्याच्या दुतर्फा मैलोन्‌मैल केळीच दिसते. आपले पीक आणि भरपूर जमीन एकत्र दिसली, की शेतकऱ्याचे मन धावते.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने या धावत्या मनाला थोडे थांबवून आम्हांस सोबत येण्याची विनंती केली. तीन भाऊ, दोन एकरांच्या आतली वाडी, ऐंशी ओलांडलेली आई. थोरला नोकरीतून निवृत्तीला आलेला, मधला रिक्षा चालवणारा, आणि धाकटा खरा शेतकरी. वाडीला गिऱ्हाईक आले होते. मुक्ताईनगर तालुक्यातील एक शेत धाकट्याच्या ऐकण्यात आले होते. आमचे सेमिनरीतील एक सोबती काही वर्षे त्या बाजूला सेवेत होते आणि त्यांच्या ओळखीने एका शेतकऱ्याचे घर आम्हांस मोकळे झाले. जमिनीतले आम्हांस फारसे कळते अशातला भाग नाही. पण तीन भावांमध्ये चौथा, कसलाच वाटा नसलेला माणूस असावा, एवढाच त्या विनंतीचा अर्थ होता.

जमीन पाहायला माणसे पाठवणे ही फार जुनी रीत आहे. ‘गणना’ या ग्रंथात मोशे बारा जणांना कनान देश हेरायला पाठवतो, तेव्हा त्याने त्यांना दिलेले प्रश्न एखाद्या कृषी अधिकाऱ्याला शोभावेत असे आहेत. जमीन सकस की नापीक, झाडे आहेत की नाहीत, माणसे थोडी की फार, गावे उघडी की तटबंदीची. त्याच अध्यायात एक बारीकशी नोंद आहे: ते गेले तो द्राक्षांचा पहिला बहर होता. देश त्यांनी त्याच्या सर्वांत गोड महिन्यात पाहिला. ही नोंद आम्ही पूर्वी अनेकदा वाचली होती. तिचा शेतीतला अर्थ मात्र आम्हांस मुक्ताईनगरात उमगला.

कारण आम्हीही पहिल्यांदा गेलो ते डिसेंबरात. वसई रोडहून सुरत-उधन्याच्या मार्गाने भुसावळ, आणि तिथून महामार्गाने पूर्वेकडे तीस-पस्तीस किलोमीटर. मुक्ताईनगर, म्हणजे जुने एदलाबाद, दोन लोहमार्गांच्या बेचक्यात आहे: एक मार्ग भुसावळहून बोदवड, मलकापूर करीत नागपूरला जातो, दुसरा सावदा, रावेर करीत बऱ्हाणपूर-खंडव्याला. गावाला स्वतःचे स्थानक नाही. सकाळचे धुके उतरत होते. कोथळीच्या मुक्ताई मंदिराकडे जाणारे वारकरी रस्त्याच्या कडेने चालले होते. पुढे चांगदेवला पूर्णा तापीला मिळते, तो विस्तीर्ण संगम आम्ही पाहिला. हतनूर धरणाचे फुगवट्याचे पाणी तिथे समुद्राच्या खाडीसारखे पसरलेले असते. धाकटा त्या पाण्याकडे पाहत बराच वेळ उभा राहिला. शेवटी म्हणाला, ‘फादर, एवढं गोडं पाणी मी आयुष्यात एका जागी पाहिलं नाही.’

आमचे यजमान सत्तरीचे. गावात सारे त्यांना आप्पा म्हणत, म्हणून आम्हीही आप्पाच म्हणू लागलो. त्यांनी चहा दिला, बाग हिंडून दाखवली, आणि संध्याकाळी ओट्यावर बसल्यावर शांतपणे म्हणाले, ‘फादर, डिसेंबरात आमचं शेत पाहुण्यालाही शेतकरी करून टाकतं. मे महिन्यात या. तेव्हा जे उरलं दिसेल ते खरं शेत.’ त्या एका वाक्याने आमच्या पाहणीची दिशा बदलली.

पहिली गोष्ट मातीची. लांबून पाहता सारी काळीच. पण आप्पांनी तीन ठिकाणी कमरेइतके खड्डे घ्यायला लावले. नदीकाठचा पोयटा खोलवर मोकळा आणि एकसारखा होता. हाताने दाबला की ढेकूळ सहज फुटे. दुसऱ्या शेतात वर काळी माती, आणि हातभर खाली चिकट, पाणी धरून ठेवणारा थर. केळीची मुळे फार खोल जात नाहीत, पण पाणी तुंबले की ती कुजतात. तिसऱ्या जागी मातीत चुनखडीचे पांढरे खडे. अशा जमिनीत लोहाची उणीव पडून पाने पिवळी होतात. तीनही शेतांचा भाव जवळपास सारखाच सांगितला जात होता. वसईची रेताड, पाणी झटकन सोडणारी माती हाताळलेल्या माणसाला ही काळी माती नव्याने शिकावी लागेल, हे धाकट्याने स्वतःच ओळखले. पावसात ती बैलाला आणि ट्रॅक्टरलाही आत घेत नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. इथे आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पाच फूट बाय पाच फुटांवर लागवड केली, तर एका एकरात सुमारे १,७०० खोडे बसतात. ऐन उन्हाळ्यात ठिबकवर एका खोडाला दिवसाला १५ ते २० लिटर पाणी द्यावे लागते. म्हणजे एकरी रोज तीस हजार लिटर, आणि पाच एकरांना दीड लाख. एवढे पाणी मे महिन्यात रोज देणारी विहीर किंवा कूपनलिका आहे का, हा खरा प्रश्न. डिसेंबरात तुडुंब दिसणारी विहीर त्याचे उत्तर देत नाही. जळगाव जिल्ह्यात वर्षाला सरासरी सातशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वसईत दोन हजारांच्या वर पाऊस पाहिलेल्या माणसाला हा आकडा नीट कळायला वेळ लागतो. शेजारच्या रावेर-यावल तालुक्यांत भूजलाचा उपसा इतका झाला, की कूपनलिका वर्षागणिक खोल जात राहिल्या.

आणि ते संगमाचे अथांग पाणी? हतनूर धरण १९८२ साली पूर्ण झाले. त्याला एकेचाळीस दरवाजे आहेत. पण त्याचा कालवा धरणाच्या खाली, उजव्या तीराने यावल-चोपड्याकडे जातो. फुगवट्याच्या काठावरच्या शेतकऱ्याला पाणी दिसते, मात्र ते उचलायला परवानगी, पंप, जलवाहिनी आणि वीज हे सारे लागते. त्या पाण्यावर शहरांचा, औष्णिक वीज केंद्राचा आणि आयुध निर्माणीचा हक्कही आहे. शिवाय धरणात गाळ साचत चालला आहे. आणखी एक बाब वसईकरांच्या जिव्हाळ्याची: पूर्णा वऱ्हाडातून येते, आणि वर अकोला-बुलढाण्याच्या काही भागांत तिच्या खोऱ्यातले भूजल इतके खारे आहे, की त्या प्रदेशाला खारपाणपट्टाच म्हणतात. म्हणून मुक्ताईनगरात कुठेही जमीन घेताना विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे, असे आप्पांनी सुचवले. मचूळ विहिरीला कंटाळून निघालेल्या माणसाने नव्या गावी पुन्हा मचूळ विहीरच विकत घ्यावी, यापरते दुर्दैव कोणते?

तिसरी गोष्ट कागदाची. शेतकरी नसलेल्या माणसाला महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ चे ते बंधन आहे. आमच्या या कुटुंबाकडे वसईचा सात-बारा आहे, म्हणून ते शेतकरी. पण तोच सात-बारा आधी विकून टाकला, तर पुढे शेतकरी असल्याचा पुरावा काय? शेवटचा गुंठा विकण्याआधी हा प्रश्न वकिलाकडून सोडवून घ्यावा. नव्या जमिनीचा सात-बारा पाहताना भोगवटादार वर्ग एक की दोन, हे आधी पाहावे. वर्ग दोनची जमीन परवानगीवाचून हस्तांतरित होत नाही. धरणग्रस्तांना पुनर्वसनात मिळालेल्या जमिनी पुष्कळदा अशा असतात, आणि हतनूरच्या काठी अशी गावे आहेत. आदिवासी बांधवांची जमीन बिगर-आदिवासीने घेण्यावर १९६६ च्या महसूल संहितेने कडक निर्बंध घातले आहेत. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी तिच्यावर डोळा ठेवणे आपल्याला शोभणारे नाही. ‘इतर हक्क’ या रकान्यातले कर्जाचे बोजे, जुने फेरफार, बहिणींची नावे, पूररेषा हे सारे वाचावे. आणि शेतात जायला वाट कोणाच्या बांधावरून आहे, हे विचारावे. आम्ही पाहिलेल्या एका सुंदर शेताला वाटच नव्हती. शेजाऱ्याची मर्जी हीच त्याची वाट.

मग आम्ही मे महिन्यात पुन्हा गेलो.

भुसावळच्या फलाटावर उतरताच अंगावर आलेला वारा आम्ही विसरू शकत नाही. या भागात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. सकाळी दहानंतर रस्ते ओस पडतात. संगमाचे पाणी मागे हटले होते आणि काठाला चिखलाची रुंद, तडकलेली पट्टी उघडी पडली होती. डिसेंबरातल्या त्याच बागांची पाने कडेने करपून फाटली होती. बांधावर शेवरीची दाट रांग किंवा हिरवी जाळी लावलेली बाग बरीच तगून होती. उघड्यावरची बाग वाऱ्याने झोडपली होती. आदल्या आठवड्यात वादळ होऊन गेले होते. एका शेतात घडांनी लगडलेली हजारभर खोडे एकाच दिशेला आडवी झालेली आम्ही पाहिली. शेतकरी बांधावर बसला होता. वर्षाचा खर्च झालेला, आणि कापणी तीन आठवड्यांवर आलेली. आम्ही त्याच्याजवळ बसलो. काही बोललो नाही.

आप्पांनी उरलेले वर्षही आम्हांस ओट्यावरच समजावून सांगितले. हिवाळ्यात पारा दहा अंशांखाली उतरला, की केळीची वाढ थांबते आणि घड पोग्यात अडकतो. पानांवर करपा येतो. अलीकडे कुकुंबर मोझॅक विषाणूने, ज्याला तिकडे ‘हरण्या’ म्हणतात, कोवळ्या बागा उपटून टाकण्याची वेळ अनेकांवर आणली. रानडुकरे तर आहेतच. शिवाय या तालुक्यात मुक्ताई-भवानी नावाचे संवर्धन राखीव क्षेत्र आहे, आणि तिथले वाघ गारव्यासाठी केळीच्या बागांत येऊन बसतात. रात्री पाणी द्यायला जाणाऱ्याला हे माहीत असावे लागते, कारण शेतीपंपाला दिवसाची वीज अजून सर्वत्र पोचलेली नाही. आणि एवढे करून घड तयार झाला, तरी त्याचा भाव शेतकरी ठरवीत नाही. बऱ्हाणपूरच्या बाजारात जो भाव निघतो, त्याकडे सारा परिसर डोळे लावून असतो; जाहीर भाव एक आणि बांधावर हाती पडणारा दुसरा, ही तक्रार आम्ही चार दिवसांत चार तोंडांनी ऐकली. केळी झाडावर थांबत नाही, हे व्यापाऱ्याला ठाऊक असते.

तरीही आप्पा तिथे आहेत, त्यांची तिसरी पिढी आहे, आणि त्यांच्या सुनेने दोन वर्षांपूर्वी नवे घर बांधले आहे. तेव्हा ‘जमीन वाईट’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. जमीन उत्तम आहे. ती कोणाच्या हाती, कोणत्या तयारीने जाते, यावर सारे अवलंबून आहे. या संदर्भात आम्हांस इतिहासातली दोन उदाहरणे आठवतात.

पहिले दूरचे. अमेरिकेने १८६२ साली वसाहतीचा कायदा केला: जो पाच वर्षे राहून जमीन कसेल त्याला १६० एकर. त्यानंतरच्या काळात मिनेसोटा प्रांतातील सेंट पॉलचे बिशप जॉन आयर्लंड यांनी १८७६ पासून, रेल्वेकंपन्यांच्या जमिनी घेऊन, कॅथलिक कुटुंबांसाठी शेतकरी वसाहती उभारल्या. थोडी पुंजी आणि शेतीचा सराव असलेली कुटुंबे तिथे रुजली. परंतु १८८० च्या जूनमध्ये आयर्लंडच्या कॉनेमारा किनाऱ्यावरची सुमारे तीनशे अत्यंत गरीब माणसे ग्रेसव्हिल येथे आणली गेली. मासेमारी आणि खडकाळ तुकड्यांवरचे बटाटे एवढीच त्यांची ओळख. पेरणीचा हंगाम उलटून गेलेला. ऑक्टोबरातच हिमवादळ आले, आणि त्या हिवाळ्यात त्यांचे अपरिमित हाल झाले. पुढे त्यांतील बहुतेकांना सेंट पॉल शहरात हलवावे लागले. ज्या मातीत ती हरली, ती माती जगातल्या उत्तम मातींपैकी एक आहे. त्यांना तिथे आणण्यामागचा हेतूही चांगलाच होता. एका धर्मगुरूने ही हकीकत वाचताना पुस्तक मिटून थोडा वेळ बसावे, अशी ती आहे.

दुसरे उदाहरण घरचे. सासवडचे माळी बांधव कालव्यांच्या पाण्यामागे आपली गावे सोडून निघाले. त्यांनी आरंभी कालव्यांच्या काठी खंडाने जमिनी घेऊन ऊस केला. माती, पाणी आणि बाजार पुरते पारखले. मग १९३० च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात माळीनगर वसले आणि त्यांनी स्वतःचा साखर कारखानाही उभारला. त्यांचे यश उसात होते, तितकेच दोन गोष्टींत होते: ते आधी दुसऱ्याच्या जमिनीवर शिकले, आणि एकटे गेले नाहीत.

एकटे जाण्याचा प्रश्न आम्हांस सर्वांत जड वाटतो. जमीन दस्त करून मिळते. गाव तसे मिळत नाही. मुक्ताईनगरची बोली वेगळी आहे. बहिणाबाई चौधरींच्या (१८८०–१९५१) कवितेने जी लेवा गणबोली महाराष्ट्राच्या कानी पोचवली, ती तिथल्या ओट्याओट्यांवर ऐकू येते. आमच्या कुपारी बोलीइतकीच ती बाहेरच्याला प्रथम परकी वाटते. तिथे वर्ष मोजतात ते आखाजीपासून. अक्षय्यतृतीयेला सालदाराचे साल सुरू होते आणि वर्षभराचा करार ठरतो. वसईत राहून, सालदारावर शेत सोपवून, महिन्यातून एकदा हिशेब पाहायला जाणारे मालकही आम्हांस भेटले. त्यांच्या शेताला गावात त्यांच्या नावाने ओळखत नाहीत. ‘मुंबईवाल्याचं शेत’ म्हणतात. ज्येष्ठात मुक्ताईची पालखी पंढरपूरच्या लांबच्या वाटेला लागते, तेव्हा सारे गाव निरोप द्यायला उभे असते. आपण त्या वेळी कुठे उभे असू, याचा विचार जमीन पाहतानाच करावा. दुसऱ्याच्या श्रद्धेचा आदर करणारा शेजारी व्हायला आपला धर्म आड येत नाही. उलट तो तेच सांगतो.

आपल्या श्रद्धेचा प्रश्नही आहेच. वसईत घराच्या खिडकीतून चर्चची घंटा ऐकू येते. मुक्ताईनगराहून जवळचे आपले मोठे धर्मग्राम भुसावळचे. रेल्वेच्या वसाहतीमुळे तिथे ख्रिस्ती वस्ती जुनी आहे; ते नाशिक धर्मप्रांतात येते. रविवारची मिस्सा म्हणजे जाऊन-येऊन अर्धा दिवस. मुलांचा धर्मशिक्षणवर्ग, आजाऱ्याला द्यायचा कम्युनियन, नाताळच्या रात्रीची घरपण असलेली गर्दी, या सगळ्याची किंमत सात-बाऱ्यावर लिहिलेली नसते. एखादे कुटुंब अशा अंतरावर आपली श्रद्धा जपू शकते, नव्हे, अधिक जागरूकपणे जपते. पण ती सवयीने जपली जाणार नाही, ठरवून जपावी लागेल.

परतल्यावर त्या घरी सारे जमले. थोरल्याने आकडे मांडले, मधल्याने गिऱ्हाइकाची मुदत सांगितली. धाकटा खड्ड्यांतली माती तीन पिशव्यांत घेऊन आला होता. ती त्याने टेबलावर मांडली. म्हातारी आई इतका वेळ कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसली होती. तिने एकच विचारले, ‘फादर, मी तिथं गेले आणि मेले, तर मला पुरणार कुठं? याच्या बाबाजवळ आणाल ना?’ कोणी उत्तर दिले नाही. आम्ही म्हणालो, ‘आजी, तो प्रश्न या टेबलावरच्या सगळ्या कागदांइतकाच महत्त्वाचा आहे. आज त्याचे उत्तर नसेल, तर आज सही करायची घाई नको.’ थोरल्याला ते रुचले नाही. त्याच्या मुलीचे शिक्षण अडले होते, आणि गिऱ्हाईक वर्षभर थांबणार नव्हते. त्याची अडचण खरी होती, आणि ती आम्ही हलकी लेखली नाही.

शेवटी ठरले ते असे. वाडी एवढ्यात विकायची नाही. मुलीच्या शिक्षणासाठी पतपेढीतून कर्ज काढायचे. धाकटा आपला हिस्सा त्याला तारण देईल. धाकट्याने आप्पांच्या शेजारची तीन एकर जमीन दीड वर्षासाठी मक्त्याने घ्यायची, मृगात केळी लावायची, आणि बायको-मुलासह तिथेच राहायचे, म्हणजे एक हिवाळा, एक मे महिना आणि एक बाजार त्याच्या अंगावरून जाईल. त्यानंतर तो जे सांगेल ते दोघा भावांनी ऐकायचे, होकार असो वा नकार.

वाचकांपैकी ज्यांच्या मनात हाच विचार घोळत असेल, त्यांना आमचे सांगणे एवढेच आहे. जमीन तिच्या वाईट महिन्यात पाहा. पाणी उन्हाळ्यात मोजा आणि तपासून घ्या. कागद वकिलाला दाखवा. विकण्याआधी एक पूर्ण पीक दुसऱ्याच्या जमिनीत घ्या. जमल्यास दोन-तीन कुटुंबांनी मिळून जा. आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला काय वाटते, ते सर्वांत शेवटी नव्हे, आधी विचारा.

धाकट्याच्या बागेला आता चौथा महिना लागला आहे. खोडे गुडघ्याच्या वर आली आहेत. दोन रांगांत ‘हरण्या’ दिसला, ती रोपे त्याने मुळासकट उपटून जाळली. मुलगा तिथल्या मराठी शाळेत रमला आहे. बायको अजून रमलेली नाही, असे तो प्रामाणिकपणे सांगतो. परवा त्याचा फोन आला. रात्री दोन वाजता वीज आली, तेव्हा तो गाढ झोपेत होता. पलीकडच्या शेतावरचा शेजारी बॅटरी घेऊन, वाघाचे भय असताना, बांधावरून चालत आला आणि दार ठोठावून म्हणाला, ‘ओ वसईवाले भाऊ, उठा, लाइट आली. मोटर चालू करा.’